तांडेल खंय गेलो?

आमचा बस्त्यांव सिनेमा बघायला बसतो तेव्हा चपला दाराबाहेर काढत नाही, मांडीवर घेऊन बसतो. पहिला टीव्ही त्याने डाव्या चपलेने फोडला, दुसरा उजवीने. तिसऱ्यासमोर आता त्याने मासेमारीचं जुनं जाळं भिंतीपासून भिंतीपर्यंत ताणलंय. चपला जाळ्यात अडकतात, पडदा वाचतो. सिनेमा फारच वाईट असला तर शेजाऱ्यांच्याही चपला आत जातात. गेल्या रविवारी मी त्याच्याकडून अनवाणी घरी आलो.

आणि शिव्या! बस्त्यांवची शिवी आमच्या वाडीतून निघते, मालवणच्या धक्क्यापर्यंत जाते, तिथे दोन ट्रॉलरना वळसा घालते आणि परत येताना वाटेतल्या हॉटेलांतली सोलकढी नासवत येते. आमच्या भागात पर्यटक कमी का झाले यावर सरकार उगाच डोकं खाजवतंय. मला विचारलं असतं तर सांगितलं असतं.

हा माणूस आयुष्यभर रापणीवर, त्या किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर, तांडेल होता. तांडेल म्हणजे होडीचा आणि होडीतल्या माणसांचा म्होरक्या. त्याने बोट दाखवलं की तिथे जाळं पडणार. आता वय झालं, गुडघे गेले, आवाज तेवढा राहिला. हा आवाज सगळाच्या सगळा तो एका गोष्टीवर खर्च करतो. एका म्हणजे खरोखरच एका. बस्त्यांव जगात दुसरं काही बघतच नाही.

कुणा इंग्रजाने मुलांसाठी लिहिलेली ती जुनी गोष्ट. दर्याच्या राजाने जगातला सगळा वारा सात बरण्यांत कोंडला आणि बरण्या तळाशी नेऊन ठेवल्या. शिडं पडली, पतंग पडले, भात वारवायला वारा उरला नाही. मग एक चेडू, म्हणजे एक मुलगी, एका बोलणाऱ्या पाणकावळ्याला घेऊन तळाशी गेली, बरण्या फोडल्या आणि वर आली. एवढीच गोष्ट. पण तिच्यावर आजवर चार वेळा सिनेमे आणि मालिका झाल्या, आणि चारही वेळा बस्त्यांवचा रक्तदाब वाढला.

पहिला काळा-पांढरा. चेडवाचं काम केलेल्या बाईला बघून बस्त्यांव ओरडला, "ह्या चेडू? ह्येका दोन नातवंडां असतली!"

दुसरं कार्टून. त्यात पाणकावळा कमरेवर हात ठेवून नाचतो. "आयुष्यभर पाणकावळे बघलंय मी! पंख सुकयत बसतत ते. नाचणारो एक दाखव, तेका माझी होडी देतंय!"

तिसरी हिंदी मालिका. तिच्यात चेडवाला सावत्र आई दिलेली, आणि ती आई दर भागात तीन वेळा मान वळवायची. महिने गेले, चेडू घराबाहेर पडेना. "दर्यात कधी उतरतला ता? ओहोटी लागली मरे!"

चौथा आत्ताचा, संगणकावर केलेला, मोठा. त्यात समुद्र असा होता की मलासुद्धा पाय भिजल्यासारखे वाटले. बस्त्यांवने मात्र पाचव्या मिनिटाला चप्पल उचलली.

"शीड बघ! शीड फुगलाहा!"

"मग?"

"मगे काय मेल्या? वारो बरण्यांत कोंडलेलो आसा ना? मगे शीड कोणाच्या बापाशीन फुगयल्यान?"

मी तहसील कचेरीत कारकून आहे. इतका बिनतोड मुद्दा मी माझ्या नोकरीत एकाही अर्जात वाचलेला नाही.

पण हे सगळे किरकोळ गुन्हे. खरा गुन्हा एकच, आणि तो चौघांनीही केला होता. चौघांनी गोष्टीतला तांडेल कापला होता.

तो तांडेल आमच्या वाडीतल्या प्रत्येकाला माहीत होता, कारण गोष्ट आम्ही सगळ्यांनी एकाच तोंडून ऐकलेली. बस्त्यांवची बायको रुजायबाई शाळेत शिकवायची. सगळी वाडी तिला टीचर म्हणायची आणि बस्त्यांवही टीचरच म्हणायचा. रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपली की ती पडवीत बसायची. मांडीवर इंग्रजी पुस्तक, समोर आम्ही पोरं. एक पान डोळ्यांनी वाचायची आणि मालवणीत सांगायची. हिंदू, ख्रिस्ती, शेंबडी, बिनशेंबडी, सगळी पोरं तिथे. कोपऱ्यात बस्त्यांव जाळं विणत बसलेला. त्याला इंग्रजी येत नव्हतं. मराठी बाराखडीसुद्धा त्याला लग्नानंतर टीचरनेच घोटून घेऊन शिकवलेली.

टीचरच्या गोष्टीत चेडवाला भर समुद्रात एक तांडेल होडीतून नेऊन सोडतो. चेडू म्हणतं, थांब. तो थांबतो. वारा नाही, सावली नाही, प्यायचं पाणी संपत आलेलं. किनाऱ्यावरून लोक हाका मारतात, "ये रे, बुडला ता!" तो हलत नाही. चाळीस दिवस. मग पाणी फुटतं, चेडू वर येतं, आणि तांडेल एवढंच म्हणतो, "इलंस? बस." या जागी टीचर नेहमी जरा थांबायची. आम्ही पोरं इतका श्वास रोखून धरायचो की वाडीतल्या कोंबड्याही आरवायच्या थांबत.

आणि सिनेमात? चेडू तळातून निघतं ते थेट वाळूवर.

"बारा वांव खोल पाण्यातसून वर इला," बस्त्यांव जाळ्यावर मूठ आपटून म्हणायचा, "मगे किनाऱ्यार कसा पोचला? कोणी हाडल्यान तेका? तांडेल खंय गेलो? फटकी येवंदे तुमका! सगळा दाखवतास, नि थांबललो माणूस तेवढो कापतास?"

टीचर असताना त्या घरात टीव्ही नव्हता. ती गेली त्या वर्षी त्याने पहिला आणला.

चौथ्या सिनेमाचा दुसरा भाग काढतायत अशी बातमी आली आणि बस्त्यांव माझ्या दारात. "कारकुना, कागद घे. अजून येळ आसा. तांडेल घाला म्हणान लिव तेंका. एकदाच माका तो पडद्यार बघूक होयो. बघलंय की टीव्ही काढून टाकतंय."

मी सिनेमा कंपनीला इंग्रजीतून तीन पत्रं पाठवली. बस्त्यांव सांगायचा त्यातले निम्मे शब्द इंग्रजीत अजून जन्मायचेत, म्हणून मी ते 'नम्र विनंती' असे घालायचो. तिसऱ्या पत्राला चक्क उत्तर आलं. कुणीतरी सभ्यपणे लिहिलं होतं, की हे पात्र मूळ पुस्तकात कुठल्या पानावर आहे ते कृपया कळवा, आम्ही जरूर विचार करू.

बस्त्यांवने ते पत्र वाडीभर फिरवलं. म्हावरं विकायला आलेल्या बायकांनाही दाखवलं. "बघलंस? इचार करतले!"

राहिलं पान. पुस्तक वेंगुर्ल्याला होतं, टीचरच्या बहिणीने आठवण म्हणून नेलेलं. मी एका शनिवारी एसटीने गेलो, तिच्या हातचं सांदण खाल्लं, पुस्तक घेतलं आणि परतीच्या गाडीत खिडकीशी वाचायला बसलो.

मालवण येईपर्यंत मी ते दोनदा वाचलं. तांडेल नव्हता.

मालवणात उतरायचं विसरून मी तसाच बसून राहिलो. कंडक्टर म्हणाला, "ओ, गाडी आता डेपोत झोपाक जाता. तुमी पण येतास?" चेडू वर येतं ते एकशे बारावं पान मी पुन्हा उघडलं. एक लाट येते आणि मुलीला अलगद किनाऱ्यावर ठेवते. बस. एका ओळीत. आणि त्या ओळीशेजारी पेन्सिलने, टीचरच्या वळणदार अक्षरात, चार छोटी वाक्यं लिहिलेली होती.

आता मी काही साधा माणूस नाही. खोटं बोलण्यात माझा हात धरणारा कणकवलीपर्यंत कोणी नाही. एकदा मी अख्ख्या कचेरीला पटवलं होतं की साहेबांच्या खुर्चीखाली पोर्तुगीजांची तोफ पुरलीय, आणि साहेब दोन दिवस उभ्याने सह्या करत होते. तेव्हा मी ठरवलं, इथेही थापच मारायची. म्हाताऱ्याला पान सांगायचं, कंपनीला काहीतरी कळवायचं, आणि मोकळं व्हायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बस्त्यांव मिस्सेहून आलेला, इस्त्रीचा शर्ट, फाटकातच उभा.

"गावलो?"

"गावलो."

"पान?"

"एकशे बारा," मी म्हणालो. तोंडात तोच आकडा बसलेला. चूक झाली ती तिथे.

त्याने पुस्तक माझ्या हातातून ओढलं, पडवीत जाऊन बसला आणि एकशे बारा काढलं. इंग्रजी छापाकडे त्याने बघितलंही नाही. पेन्सिलीवरच नजर गेली. ते अक्षर त्याला येत होतं. त्याच अक्षराने त्याला अक्षरं शिकवली होती. तो बोट न लावता, एकेक जोडाक्षर फोडत, मोठ्याने वाचू लागला.

"इथे... होडी... नाही. ह्यांना... चैन... पडणार... नाही. तांडेल... घालणे. सांगताना... थांबणे, हे... ऐकत... असतात."

मी आधी त्याच्या पायांकडे बघितलं. चपला पायांतच होत्या.

"तू खोटा बोललंस," तो म्हणाला.

"बोललंय."

"आणि ही पण!" आता आवाज चढला. "एवढी वर्सां! सगळ्या दुनियेशी माका भांडाक लावल्यान! त्या इंग्रेजाक मी काय काय बोललंय! तो मेल्यार पण बोललंय! दोन टीव्ही फोडलंय! माका सांगूक काय झाला होता तिका? मी विचारलंय ता एकदाच, जाळा विणताना. मगे चेडू परत कसा येतला, इतक्याच विचारलंय. तर म्हणता कशी, तुमी गप ऱ्हवा, फुडच्या रविवारी सांगतंय. आणि फुडच्या रविवारी..."

पुढची शिवी ओठांपर्यंत आली होती. मी कानांवर हात न्यायच्या तयारीत होतो. ती आली नाही. त्याने पुस्तक मिटलं, पुन्हा उघडलं, पेन्सिल पुसली तर नाही ना ते बघितलं.

समोर एक मांजर येऊन बसलं. त्या पडवीत आजवर मांजर बसलेलं मी पाहिलं नव्हतं.

"कारकुना, कागद घे," तो म्हणाला. "लिव तेंका. चूक तुमची नाय. तांडेल पुस्तकात नव्हतो. तो आमच्या घरचो."

मी लिहिलं. शब्दाला शब्द. 'नम्र विनंती' कुठेच घालावी लागली नाही.

"मूळ पुस्तकात नसला तरी दुसऱ्या भागात घाला, असं लिहू?" मी विचारलं. "माणसं सभ्य दिसतात. ऐकतीलसुद्धा."

"नको."

"अहो, तुम्हीच तर म्हणत होता, एकदा पडद्यावर बघायचाय."

"तेंका जमाचा नाय." तो उठला आणि आत जाऊन टीव्हीसमोरचं जाळं भिंतीवरच्या खिळ्यांतून सोडवू लागला. "ते तेका बडबडूक लावतले. चाळीस दिस तीन मिंटात दाखवतले. वर गाणा घालतले." एक खिळा निघेना, तो त्याने दाताने धरून ओढला. "थांबणा म्हणजे काय ता तेंका खंय म्हायत आसा?"