अरुणदादांची निनावी भुतं

अरुणदादांच्या कथेतल्या भुताला नाव नसतं. बाकी सगळं असतं. चहात साखर किती लागते, कुत्र्याला घाबरतं की नाही, पायातली चप्पल कुठल्या मापाची, हे सगळं ते बारकाईनं लिहितात. नाव विचारलं की "त्याला नाव नाय" म्हणून विषय बंद.

आमच्या रत्नागिरीच्या छापखान्यातून दरवर्षी एक दिवाळी अंक निघतो. संपादक मी, मुद्रितं तपासणारा मी, शिव्या खाणाराही मीच. अरुणदादा माझ्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहतात. पाटबंधारे खात्यातून लिपिक म्हणून निवृत्त झाले, लग्न केलं नाही, आणि अंकाला वर्षाची एक भयकथा देणार म्हणजे देणारच. आधी ती आमच्या स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून माझ्या बायकोला वाचून दाखवतात. ती कोलंबी सोलता सोलता ऐकते आणि म्हणते, "दादा, भुतापेक्षा तुमच्या भगताचीच भीती वाटते हो." त्यावर दादा एकदम खूश.

कारण कथा दरवर्षी तीच. भूत बिचारं गरीब, कुणाच्या वाटेला न जाणारं. भगत येतो, मिरच्यांची धुरी देतो, वेताच्या छडीनं झोडपतो आणि विचारतो, "बोल, कोण तू? नाव सांग!" भूत सहा पानं मार खातं, पण तोंड उघडत नाही. कथा संपली. पुढचं पान छापायचं राहिलं का, अशी वाचकांची पत्रं मला येतात.

देवाशी त्यांचं काय बिनसलंय कोण जाणे. गणपतीत इमारतीतल्या घरोघरी जातात, पण त्या दिवसांत उंबऱ्याच्या आत पाऊल नाही. जिन्यात उभ्या उभ्या पाच मोदक संपवतात. आत या म्हटलं की म्हणतात, "आमचं बोलणं बंद आहे. त्याच्या घरचं खायला हरकत नाय."

भुताला नाव द्या म्हणून मी तीन वर्षं त्यांच्या मागे लागलो होतो. यंदा वैतागलो आणि मीच एक नाव घुसडलं. शेवटच्या पानावर भूत म्हणालं, "मी सदा." तशीच मुद्रितं दादांकडे पाठवून दिली.

दुपारी दादा छापखान्यात आले. हातातल्या मुद्रितांच्या शेवटच्या पानावर त्यांनी बोट ठेवलं.

"हे नाव कुणाचं?"

"कुणाचं नाही हो. सुचलं ते घातलं."

"सुचलं ते!" दादा स्टुलावर बसले. "सदा नावाचा कुणी जिता माणूस असेल की रे. त्याच्या दारात लोक गेले म्हणजे?"

मी हसलो. ते हसले नाहीत. मग खाली मान घालून त्यांनी सगळं सांगितलं.

पालीजवळचं त्यांचं गाव. वय एकोणीस. वाडीतल्याच एका मुलावर दादांचं प्रेम होतं, आणि त्याचं दादांवर. आईला कळलं. पोराला हडळ लागली, असं तिनं ठरवलं. देवळासमोर खांबाला बांधलं. धुरी, छडी आणि तोच प्रश्न.

"पोरावर जीव जडला म्हणजे अंगात बाईच असणार, असा त्यांचा तर्क," दादा म्हणाले. "नाव सांग, सोडतो म्हणाले. हडळीचं नाव मी कुठून आणू? मी त्याचं सांगितलं. सगळी वाडी उभी होती रे. त्याचा बापूसपण."

दुसऱ्या दिवशी त्या मुलाला बापानं मारत मारत एसटीत बसवलं. तो पुन्हा गावात आला नाही. दादांना मात्र नारळ ओवाळून घरात घेतलं. पोरगा बरा झाला म्हणून वाडीला जेवण घातलं.

"मी जेवलो," दादा म्हणाले.

मला माझीच लाज वाटली. तीन वर्षं मीही त्यांना तेच विचारत होतो. त्यांच्यासमोरच मी संगणकावरची ती ओळ पुसून टाकली. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "त्याचा शोध घेतलात का कधी?"

"मुंबईला असतो म्हणतात." दादांनी कागदांची घडी घातली. "चौकशी करायची तर नाव घ्यावं लागतं रे. चाळीस वर्षं झाली, तोंडातून निघत नाय."