शेजारचा पियानोवाला निनाद

निनाद साठे आमच्या लिफ्टबरोबर गातो. गुरुग्राममधल्या आमच्या सोसायटीची लिफ्ट वर जाताना बारीक घूं करते. बाकीचे रहिवासी मेंटेनन्सकडे तक्रार करतात. हा डोळे मिटून त्या घूंमध्ये आपला सूर मिसळतो. समोरच्या चड्ढाबाई हल्ली जिन्याने जातात. त्यांचं वजन चांगलं उतरलंय, पण त्याचं श्रेय त्या निनादला देत नाहीत.

हा मूळचा नाशिकचा. इथे इंजिनीअर म्हणून आला आणि एक दिवस नोकरी सोडून जॅझ पियानो वाजवायला लागला. वडिलांनी फोनवर विचारलं, "म्हणजे लग्नाच्या बँडात?" त्यानंतर त्यांनी काही विचारलेलंच नाही.

"काका, चूक एकदा केली तर चूक. तीच परत केली की स्टाइल!" हे त्याचं लाडकं वाक्य. आमच्याकडे एकदा हौसेने आमटी करायला घेतली. मीठ जास्त पडलं. यानं आणखी घातलं.

गणपतीत पेटीवाले आले नाहीत म्हणून यालाच कीबोर्डवर बसवला. पहिलं कडवं सरळ गेलं. दुसऱ्यात स्वारी भटकली. टाळ्या एकीकडे, आरती भलतीकडे. निरांजन धरलेले मल्होत्राजी मध्येच थबकले. "बेटा, घर तो पहुँचा दो!" पोचवलं त्यानं, पण फार लांबून.

मग एका हॉटेलच्या लॉबीत त्याला रविवार दुपारचं काम मिळालं. "काय ऑडियन्स असतो यार काका! बिल्कुल पिन-ड्रॉप!"

एका रविवारी हिला घेऊन मी न कळवताच गेलो. लॉबी खचाखच भरलेली. काटे-चमचे खणखणत होते, मुलं रडत होती. एक सूटवाला उठून निनादपाशी गेला. "भैया, थोड़ा धीरे. कॉल चल रही है." निनादने हसून आवाज कमी केला. आम्ही खांबाआड होतो, त्याला दिसलो नाही.

बसायला जागा नव्हती. पियानोशेजारचं एकच टेबल रिकामं होतं. मी तिकडे वळलो तसा वेटर आडवा आला.

"सर, ये वाला नहीं. निनाद सर की फ़ैमिली के लिए है. हर संडे रखवाते हैं."

"कौन कौन आता है?" हिने विचारलं.

तो जरा घुटमळला. "अभी तक तो कोई नहीं आया, मैम."

ही माझ्याकडे न बघताच पुढे गेली आणि खुर्ची ओढून बसली. "हम ही हैं फ़ैमिली," म्हणाली. "दो चाय ले आइए."

निनादने मान वर केली. हिला पाहिलं, मग मला. लगेच मान खाली घालून वाजवत राहिला. धून संपत आली की तो पुन्हा सुरुवातीपासून घ्यायचा. संपली की आम्ही उठू, असं वाटत असावं त्याला.

हिच्या ते लक्षात आलं. तिने खांद्यावरची पर्स काढून शेजारच्या खुर्चीवर ठेवली आणि चपला टेबलाखाली सरकवून नीट मागे टेकून बसली.