वकीलबाईंचा आवाज बसतो

सकाळी उठल्यापासून वकीलबाई एक शब्दही बोलल्या नाहीत, तेव्हा त्यांच्या नवऱ्याला वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं. चहाचा कप पुढे ठेवून त्यांनी आधी नळ रात्रभर ठिबकत ठेवल्याबद्दल माफी मागितली, मग आपल्या बहिणीला परस्पर महिनाभर राहायला बोलावल्याबद्दल. ही दुसरी बातमी बाईंना नवीनच होती. त्यांनी तोंड उघडलं, आणि आतून तेल न घातलेल्या बिजागरीसारखी एक बारीक कुरकुर बाहेर आली. तेव्हा कुठे उलगडा झाला, की बाई रुसलेल्या नाहीत, त्यांचा घसा बसलाय.

आणि दिवस नेमका जनसुनावणीचा होता.

टेकडीखालच्या वस्तीला लागून खडी फोडायचा कारखाना होता. त्याची धूळ वाळत घातलेल्या कपड्यांवर, अंथरुणांवर आणि उघड्या भांड्यांवर बसायची. मालकाला आता आणखी यंत्रं बसवायची होती, रात्रपाळीही सुरू करायची होती. अशी परवानगी देण्याआधी आसपासच्या लोकांचं म्हणणं सरकारला ऐकावंच लागतं, हे वस्तीला पहिल्यांदा वकीलबाईंनी सांगितलं होतं. तोवर वस्तीची समजूत अशी, की कायदा ही कारखान्यावाल्यांकडे असणारी वस्तू आहे.

बाई फी घेत नव्हत्या. दर रविवारी येऊन त्या लोकांना समजावत, आणि यंत्राच्या घरघरीत शेवटच्या माणसापर्यंत पोचावं म्हणून ओरडून समजावत. काल शेवटची तालीम झाली. माणसं बुजरी होती, म्हणून बाईंनी बजावलं, "घाबरू नका, बोलायचं काम माझं. तुम्ही फक्त माझ्याकडे लक्ष ठेवा आणि मी करते तसं करा."

डॉक्टरांनी घसा पाहून कुजबुजायलासुद्धा बंदी केली. बाईंनी पुढची तारीख मागायचं ठरवलं आणि तसा अर्ज लिहून सुनावणीच्या सभागृहात नेला. व्यासपीठाखाली बसलेल्या कारकुनाने सांगितलं, की लेखी असेल ते बाहेरच्या खिडकीत, इथे फक्त तोंडी. खिडकीतला माणूस जेवायला गेला होता.

बाई परत आल्या तेव्हा वस्तीतली सगळी मंडळी ठेवणीतले कपडे घालून ओळीने बसली होती. पुढे शिंपीणकाकू. त्यांना समजावं म्हणून बाईंनी मनगटावर बोट आपटलं आणि हात लांबवर फिरवला. म्हणजे, तारीख पुढे ढकलू. काकूंनी मान डोलावली आणि मागे वळून सांगितलं, "वेळ झाली म्हणतायत. सगळे पुढे सरका."

खुर्च्या ओढत अख्खी वस्ती व्यासपीठाला भिडली. अधिकारी साहेब जरा दचकले. कोण बोलणार आहे, असं त्यांनी विचारलं. बाईंनी घाईघाईने हात वर केला, थांबा म्हणायला. पण मी करते तसं करा, हे त्यांचंच सांगणं. मागे सगळ्या वस्तीचे हात वर गेले. आजोबा, सुना, पंक्चरवाला, कडेवरच्या लेकराचा हात धरून त्याची आई.

"एवढे सगळे?" साहेबांनी विचारलं.

कारकुनाने सांगितलं, की हात वर केलेल्या प्रत्येकाला ऐकावं लागतं, नियम आहे. कारखान्याच्या मॅनेजरने घड्याळ पाहिलं. बाईंचं कपाळ ठणकायला लागलं म्हणून त्यांनी दोन्ही हातांनी कानशिलं दाबून धरली.

शिंपीणकाकूंनी ते पाहिलं आणि त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्या उठल्या.

"साहेब, धुळीचं बाकीचे सांगतील. बाई म्हणतायत, मी आवाजाचं सांगावं."

बाई असलं काही म्हणत नव्हत्या. त्यांच्या तक्रारीत धूळ होती, पाणी होतं, खोकला होता. आवाजाचा मुद्दा त्यांना सुचलाच नव्हता. मॅनेजरने उठून सांगितलं, की यंत्राचा आवाज किरकोळ आहे, माणसाला त्याची सवय होते.

काकूंनी शांतपणे बाईंकडे बोट केलं. "या बाई काल आमच्याकडे एक दुपार बोलल्या. आज त्यांच्या तोंडून शब्द फुटत नाही. आम्ही तिथे संसार करतो, साहेब. माझ्या सुनेला वाटतं मी सारखी तिच्यावर ओरडते. मी नुसतं मीठ मागत असते."

साहेबांनी बाईंना विचारलं, हे खरं का. बाईंनी उत्तर द्यायचा प्रयत्न केला, आणि पुन्हा ती बिजागरी वाजली. सभागृहात कुणी हसलं नाही.

मग एकेक जण उठला. कुणी अडखळलं, कुणी रडलं, पंक्चरवाल्याने बोलता बोलता शेजाऱ्याचं भांडणही सांगून टाकलं. पण सगळे बोलले. बाई डोळे पुसत ऐकत राहिल्या. रविवारमागून रविवार त्या या माणसांना कायदा समजावत होत्या, आणि ही माणसं काय सांगू शकतात, हे ऐकायला त्यांना कधी सवडच मिळाली नव्हती.

पुढच्या आठवड्यात साहेब स्वतः वस्तीत पाहणीला आले. घरोघरी ओरडून चौकशी करता करता संध्याकाळी त्यांचाही घसा बसला. आदेश आला तो असा: नवीन यंत्रं नाहीत, रात्रपाळी नाही, आहेत ती यंत्रं झाकून घ्यायची, आणि तोवर काम बंद.

वस्तीने बाईंचा सत्कार तिथेच, वस्तीत ठेवला. काकूंनी स्वतः शिवलेली पिशवी दिली आणि हळूच सांगितलं, की नदीपलीकडच्या गावाचीही सुनावणी आहे, त्यांना तुम्हीच हव्यात. "मी त्यांना सांगून ठेवलंय, बाईंना जरूर न्या, फक्त बोलू देऊ नका."

बाई मनापासून हसल्या. मग आभाराला उभ्या राहिल्या. घसा अजून पुरता सुटला नव्हता, म्हणून त्या जेमतेम पुटपुटल्या, "खरं तर मीच तुमची ऋणी आहे."

सवयीने सगळ्यांनी कानामागे हात नेले. मग एकमेकांकडे पाहत ते हळूहळू खाली घेतले.

"ऐकू आलं," शेवटच्या रांगेतल्या आजोबांनी साध्या आवाजात सांगितलं.