जावईबापूंचे ट्रॅकवरचे ब्रेक

खोटं बोलायचं असं जावईबापूंनी काही ठरवलेलं नव्हतं. ते फक्त ब्रेकच्या डिस्क आणायला गेले होते.

झालं असं, की गाडीच्या पुढच्या चाकांतून किसणीवर पत्रा घासावा तसा आवाज यायला लागला. गॅरेजवाल्याने चाक उतरवून पाहिलं आणि "डिस्क झिजल्यात, पॅडसकट बदला," असा निकाल दिला. जावईबापू विमा कंपनीत हेडक्लार्क. लोकांच्या ठोकलेल्या गाड्यांचे दावे तपासण्यात हयात गेलेली, त्यामुळे गाडीतलं आपल्याला सगळं कळतं असा त्यांचा समज होता. (हा समज त्यांच्याशिवाय दुसऱ्या कुणाचा नव्हता.) ते ऐटीत म्हणाले, "सामान मी आणतो. तुम्ही फक्त बसवा."

सामानाच्या दुकानात काउंटरवर एक तरुण बाई होत्या. त्यांनी अगदी साधा प्रश्न विचारला, "गाडी नुसती रस्त्यावर चालवता, की रेसिंगच्या ट्रॅकवरही?"

जावईबापू "रस्त्यावर" म्हणणारच होते. पण शेजारी एक आडदांड गिऱ्हाईक काखेत हेल्मेट धरून उभं होतं, आणि ते याच क्षणी वळून जावईबापूंकडे बघायला लागलं.

"दोन्ही," जावईबापू म्हणाले.

बाईंनी काचेतून बाहेर उभ्या गाडीकडे पाहिलं. मागच्या काचेशी टिश्यू पेपरचा डबा, त्यावर विणलेलं कव्हर, शेजारी बायकोची फुलाफुलांची छत्री. बाई सभ्य होत्या. त्या हसल्या नाहीत.

हेल्मेटवाल्याने मात्र विचारलं, "किती टायमिंग बसतं एका फेरीला?"

"मी घड्याळ बघत नाही," जावईबापू म्हणाले. (ऑफिसातही त्यांच्याबद्दल हीच तक्रार होती.)

बाईंनी डिस्क मांडल्या. "नुसत्या रस्त्याला ही साधी उत्तम. भोकांची देखणी दिसते, पण ट्रॅकवर सारखी तापली की भोकांपाशी तडे जायची भीती. दोन्हीकडे चालवायची तर ही खाचांची घ्या, थोडा आवाज करेल एवढंच. आता पॅड. ट्रॅकचं पॅड गार असताना नीट धरत नाही आणि तापलं की सोडत नाही. ते लावून रोजच्या रस्त्यावर फिरू नका. मधल्या जातीचं देऊ?"

हेल्मेटवाला अजून बघतच होता.

"छे! ट्रॅकचंच द्या," जावईबापू म्हणाले, आणि आवाज आपलाच आहे ना याची त्यांना स्वतःलाच खात्री वाटेना.

बाईंनी त्यांचा फोन नंबर घेतला. "आमचा ग्रुप अधूनमधून ट्रॅकवर जातो. तुम्हालाही कळवेन."

घरी बायकोने विचारलं, "झाले ब्रेक?"

"एकदम चांगले टाकलेत," ते म्हणाले. यात खोटं एक अक्षर नव्हतं, म्हणून त्यांना बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सासऱ्यांना हॉस्पिटलातून घरी आणायचं होतं, म्हणून गॅरेजवाल्याने गाडी थेट तिथेच आणून दिली. सासरे निवृत्त मुख्याध्यापक. हर्नियाचं ऑपरेशन झालेलं, टाके ताजे. डॉक्टरांनी बजावलं होतं, "खोकायचं नाही, जोरात हसायचं नाही, आणि धक्का तर अजिबात लागता कामा नये." बायकोने वडिलांना मागच्या सीटवर उशांत बसवलं आणि स्वतः शेजारी बसली. सासरे समाधानाने म्हणाले, "जावईबापू गाडी चालवतात म्हणजे मला काळजी नाही. पालखीत बसल्यासारखं वाटतं."

हे वाक्य जावईबापूंच्या काळजात पुढे बराच काळ रुतून राहायचं होतं.

फाटकापाशी त्यांनी ब्रेक दाबला आणि गाडीने अशी किंकाळी फोडली की चौकीदार खुर्चीतून उठला आणि वरच्या मजल्यावरच्या खिडकीतून एक नर्स डोकावली.

"अहो, हे काय?" बायको दचकली.

"नवे आहेत ना, बसायचेत अजून."

पुढे सिग्नल आला. जावईबापूंनी नेहमीसारखा हलकेच पाय ठेवला. काहीच झालं नाही. आणखी दाबला. गाडी आपल्याच विचारात असल्यासारखी पुढे गेली आणि थांबायच्या पट्टीच्या पार पलीकडे, ट्रॅफिक हवालदाराच्या बुटांपाशी उभी राहिली. हवालदाराने शिट्टी तोंडातून काढून नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. शिट्टी परवडली असती, असं ते पाहणं होतं.

तेव्हा कुठे जावईबापूंना बाईंचं बोलणं आठवलं. पॅड गार आहेत! म्हणजे तापवायला हवीत! झालं. चौक ओलांडताच त्यांनी गाडी पळवली आणि ब्रेक दाबला. पुन्हा पळवली, पुन्हा दाबला. किंकाळी, हिसका, किंकाळी, हिसका. मागे सासरे दोन्ही हातांनी पोट धरून पुढेमागे डुलत होते.

थोड्या वेळाने मागून बारीक आवाज आला, "जावईबापू, माझं काही चुकलं का?"

"नाही हो बाबा! असं काय म्हणता?"

"नाही, तुम्हाला ऑफिस सोडून यावं लागलं. रागावला असाल. मी टॅक्सीनेही गेलो असतो."

जावईबापूंचे कान तापले. (पॅडच्या आधी.) खरं सांगावं तर दुकानातलं सगळंच सांगावं लागणार. त्यांनी घसा खाकरला, आणि तेवढ्यात दोन गाड्यांच्या फटीतून एक मांजर रस्त्यावर आलं.

त्यांनी जोरात ब्रेक दाबला. आणि या खेपेला पॅड तापलेली होती.

गाडी जागच्या जागी खिळली. मांजर शेपटी वर करून सावकाश पलीकडे गेलं. औषधांची पिशवी हँडब्रेकवर येऊन आदळली, छत्री पुढे आली, उशा खाली गेल्या. आणि सासऱ्यांच्या तोंडातली कवळी दोन सीटांच्या मधून सुसाट येऊन डॅशबोर्डवर बसली. तिचं तोंड जावईबापूंकडे होतं.

मग मागून "ऊं... ऊं..." असा कण्हल्यासारखा आवाज यायला लागला.

"बाबा! दुखतंय का?" बायको रडवेली झाली.

सासरे बोळक्या तोंडाने एवढंच म्हणाले, "हशायचं नाही शांगितलंय... आणि हशू येतंय..." डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते हसण्याचं किती आणि टाक्यांचं किती, हे त्यांनाही सांगता येत नव्हतं.

गाडी वळवून परत हॉस्पिटलात. एक टाका उसवला होता. डॉक्टरांनी विचारलं, "पडले का कुठे?"

"नाही," बायको म्हणाली, "आमच्या ह्यांनी चांगले ब्रेक टाकलेत."

सासऱ्यांना पुन्हा तोच पलंग मिळाला. जावईबापू पायथ्याशी उभे राहिले. घरी एव्हाना चहा झाला असता, बाबा आपल्या खिडकीत बसले असते. त्याऐवजी हातात पुन्हा सलाइनची सुई. आणि कशासाठी? तर हेल्मेट घेऊन उभ्या असलेल्या एका अनोळखी माणसासाठी, जो घरी जाईपर्यंत आपला चेहराही विसरला असेल! त्यांना पलंगाखाली शिरून बसावंसं वाटलं.

तेवढ्यात बायकोच्या पर्समध्ये ठेवलेला त्यांचा फोन वाजला. तिने घेतला.

"हो, त्यांचाच नंबर... ट्रॅकवर? कोण, आमचे हे?... नेहमी जातात?" तिने फोनवर हात ठेवून नवऱ्याकडे पाहिलं. "ब्रेकच्या दुकानातून आहे. तुम्ही रेसिंगच्या ट्रॅकवर जाता म्हणे. कधी जाता?"

जावईबापूंनी जमिनीकडे बघत सगळं सांगितलं. हेल्मेट, टायमिंग, ट्रॅकचं पॅड, सगळं. बायको चिडली असती तर बरं झालं असतं. तिने फोन बंद केला आणि बाबांची उशी सारखी केली.

सासरे मात्र उशीवरून म्हणाले, "शाळेत असतो तर पट्टी दिली असती हातावर." मग जरा थांबून, "एक विचारू? कसा असतो हो तो ट्रॅक? मी कधी पाहिला नाही. टाके सुकले की जाऊ या?"

"बाबा, नको. लाजवू नका."

"लाजवत नाही. तुम्ही मला पुन्हा पलंगावर पाडलंत, आता फिरवा. आणि बोललात तर एकदा करूनही दाखवा. म्हणजे मागच्या तारखेने का होईना, खोटं राहणार नाही."

ट्रॅकची पॅड बायकोने दुसऱ्याच दिवशी काढायला लावली आणि साधी बसवून घेतली. सासरे खडखडीत बरे झाल्यावर एका रविवारी सगळे ट्रॅकवर गेले. सासरे बाकावर बसले. जावईबापू हेल्मेट घालून (ते भाड्याचं होतं आणि कपाळावर उतरत होतं) हात जोडून निघाले.

प्रत्येक वळणाच्या पुष्कळ आधी त्यांनी ब्रेक लावला. वळण आल्यावर पुन्हा लावला. वळून झाल्यावरही, सवय म्हणून, एकदा लावला. कडेला उभी असलेली माणसं त्यांना बघून निळा झेंडा हलवत होती. जावईबापूंना गहिवरून आलं. त्यांनी प्रत्येकाला हात दाखवला. मागून येणाऱ्यांना वाट द्या, असा त्या झेंड्याचा अर्थ होतो, हे त्यांना नंतर कळलं.

फेऱ्या संपल्यावर ते उतरले. सासरे बाकावरून टाळ्या वाजवत होते. बायकोही हसत होती, त्या दिवसानंतर पहिल्यांदा. जावईबापूंची छाती जराशी फुगली. एवढ्यात ट्रॅकचा व्यवस्थापक लगबगीने आला, खाली वाकून चाकांकडे बघत राहिला.

जावईबापूंनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय, ब्रेक झिजले का फार?"

"तुमचे अगदी नव्यासारखे आहेत, साहेब," तो म्हणाला. "तुमच्या मागे जे होते, त्यांचे संपले."