एकशेवीसचा सूर

"अजून थोडी पळव ना! माझा सूर यायचाय," विशाखा म्हणाली.

"सूर येईल, पण मागोमाग वेग टिपणाऱ्या रडारचा फ्लॅशपण येईल," सागर कुरकुरला.

सागरला दर शनिवारी गाडीनं दूर सहम गावातल्या साइटवर जावं लागे. शेजारच्या सीटवर विशाखाचा रियाज चाले. मस्कतमध्ये इतकी वर्षं ती नुसती 'सागरची मिसेस' होती. यंदा मात्र मिसेस हॉवर्ड या इंग्रज बाईंच्या हौशी गायकवृंदात तिला जागा मिळाली होती. बसवत होते एक मोटेट, म्हणजे सोळाव्या शतकातली, चर्चमध्ये गायची लॅटिन प्रार्थना. पेटी नाही, तबला नाही. चार गट एकामागून एक शिरणार आणि एकमेकांच्या ओळींत आपल्या ओळी गुंफणार. सुरुवात विशाखाच्या गटाची. त्या गटातल्या दुसऱ्या बाई ऐनवेळी लेकीच्या बाळंतपणाला निघून गेल्या. आता पहिला सूर एकट्या विशाखाचा.

नेमका तोच सापडेना. मिसेस हॉवर्ड ट्यूनिंग फोर्क वाजवत, पण त्यावरून आपला सूर हुडकताना विशाखा भलत्याच गल्लीत शिरे. मग एकदा गाडीनं एकशेवीस ओलांडलं, तिथल्या सगळ्या गाड्यांत असते ती वेगाची ताकीद देणारी डॅशबोर्डवरची घंटी टिंगटिंगली आणि विशाखा ओरडली, "हाच! हाच तो!"

तेव्हापासून सागरला दोनदा फ्लॅश पडून दंड झाला होता.

"त्यापेक्षा ही घंटी फोनवर रेकॉर्ड कर ना," शेवटी तोच म्हणाला. तिनं केलं. गाण्याआधी फोन कानाला लावायचा, खलास.

कार्यक्रम मस्कतच्या अल् खुवैर भागातल्या एका हॉलमध्ये होता. स्टेजवर जाण्याआधी मिसेस हॉवर्डनी टोपली फिरवली आणि सगळ्यांचे फोन काढून घेतले.

बाईंनी फोर्क वाजवला, हात वर गेला. विशाखाचं तोंड उघडलं. आवाज नाही. बाईंनी पुन्हा हात उचलला. विशाखाचे डोळे भरून आले. हॉलमध्ये कुणीतरी खोकलं.

तिसऱ्या रांगेत सागर खुर्चीच्या कडेवर सरकला. त्याचा गळा असा की गणपतीच्या आरतीत घरचे त्याला फक्त टाळ्या वाजवायला सांगत. पण बायकोचा चेहरा त्याला बघवेना. तो ताडकन उठला.

"टिंग! टिंग! टिंग!"

शेजारच्या गृहस्थांनी सवयीनं, ॲक्सिलरेटरवरून काढावा तसा, उजवा पाय वर उचलला.

सूर अचूक होता. विशाखानं तो उचलला, मागून दुसरा गट आला, मग तिसरा, चौथा, आणि अख्खा हॉल आवाजानं भरून गेला. सागरला शब्द एकही कळला नाही, पण शेवटी तो बसायचंच विसरून गेला होता.

टाळ्या थांबताच मिसेस हॉवर्ड थेट त्याच्यापाशी आल्या.

"तो आवाज तुम्ही काढलात?"

"सॉरी मॅडम, चूक झाली…"

"पुरुष कमी पडतात आम्हाला. शुक्रवारी पाच वाजता तालमीला या."

पुढच्या शनिवारी गाडी विशाखा चालवत होती. सागरच्या मांडीवर लॅटिनचे कागद होते. त्याची ओळ अगदी खालच्या पट्टीतली. घंटीचा काही उपयोग होईना.

"घंटी थांबव गं, माझा सूर शोधू दे मला," तो वैतागला. विशाखानं गाडी बाजूच्या लेनमध्ये घेऊन इतकी हळू केली की मागच्या ट्रेलरवाल्यानं लांबलचक, खर्जातला भोंगा वाजवला.

सागरचा चेहरा उजळला. खिडकीची काच खाली करून त्यानं मागे हात जोडले.

"भाईसाब, एक बार और!"