डोंगळे मास्तरांची बेडकुळी

मंगळवारी सकाळी डोंगळे मास्तरांच्या उजव्या दंडातली बेडकुळी टुणकन उडी मारून खिडकीच्या कट्ट्यावर जाऊन बसली. मी शेजारीच राहतो आणि त्या वेळी दात घासत होतो, त्यामुळे हे मी स्वतः पाहिलं. लिंबाएवढी, गव्हाळ, आणि चक्क श्वास घेत होती. मी हात जोडले, ब्रशसकट.

मास्तर म्हणजे हायस्कूलचे निवृत्त व्यायामशिक्षक. गेल्या वर्षी त्यांच्या पत्नी मालनकाकू पडल्या आणि त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून मास्तर त्यांना रोज उचलून गॅलरीत उन्हाला बसवत. दिवाळीनंतर मास्तरांची कंबर धरली, म्हणून उचलायला एक बाई येऊ लागल्या. त्याही आता लेकीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या. ऊन गॅलरीत यायचं, काकू आत पडून असायच्या, आणि मास्तरांच्या हातांत पेला धरण्यापुरतंच बळ उरलं होतं.

मी अंग कमावायच्या पावडरींच्या दुकानाचे मालक इम्तियाज मुल्ला यांना बोलावून आणलं. त्यांनी चपला बाहेर काढल्या, बेडकुळीला लांबूनच नमस्कार केला आणि तिचं वय विचारलं. मास्तर म्हणाले, अडुसष्ट.

"जुनी हाय," मुल्ला हळू आवाजात म्हणाले. "परत यील. पण पावडर बी पायजे आन् काम बी. डब्यावर लिवलंय, कोण वाचत न्हाई."

मास्तरांनीही वाचलं नाही. रोज दुधात चमचाभर पावडर घालायची, अर्धा पेला प्यायचा, मग खुर्चीत बसून दंड आवळायचा आणि खिडकीकडे आशेनं पाहायचं. बेडकुळी तोंड फिरवायची.

उरलेलं दूध काकू प्यायच्या, कारण टाकवत नव्हतं. आणि उठवणारं कुणी नाही म्हणून पलंगाच्या पायथ्याला जुनी साडी बांधून, ती ओढून ओढून दिवसातून वीसवीसदा स्वतःच उठून बसायच्या.

चाळिसाव्या दिवशी बेडकुळी खाली उतरली. मास्तरांनी बाही वर केली. मी आणि मुल्ला दारात श्वास रोखून उभे. ती मास्तरांच्या खुर्चीशी थांबली, मग पुढे गेली, पलंगावर चढली, काकूंच्या बांगड्यांवरून सावकाश वर सरकली आणि त्यांच्या काटकुळ्या दंडात शिरली. मुल्लांनी डोक्यावर रुमाल घेतला. असं काही पुन्हा पाहायला मिळेलसं मला वाटत नाही.

काकूंनी कोपर दुमडून पाहिलं. "अहो, ही तुमची हाय."

मास्तरांनी तिच्यावर बोट ठेवलं. त्यांना रडू आवरेना. "पोरांस्नी जन्मभर मीच शिकवलं, मालन," ते म्हणाले. "जिथं राबणं, तिथं ती."

दुसऱ्या दिवशी काकू भिंत धरून उभ्या राहिल्या. मास्तर खुर्चीतून उठतच नव्हते. काकूंनी त्यांच्यापुढे उजवा हात केला.

"उठा," त्या म्हणाल्या. "ऊन जाईल."

मी दात घासत होतो. दोघं गॅलरीत आले आणि बसले.