रूपलताचं माप

रूपलता वारली ही बातमी मंगळवारी पेपरात आली. त्या दिवशी शेवंताआत्यानं मशीन उघडलं नाही. बुधवारी उघडलं.

आमच्या आळीत चर्चा झाली ती मशीनची. कारण शेवंताआत्याचं मशीन बंद राहिलेलं कुणी पाहिलं नव्हतं. माझे वडील तिचे धाकटे भाऊ. त्यांच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा तिनं सकाळी दोन ब्लाउज पुरे केले आणि मग ती मांडवात आली, असं आई सांगायची. सांगताना आईच्या आवाजात कौतुक किती आणि तक्रार किती, हे मला कधी कळलं नाही.

रूपलता म्हणजे त्या काळातली हिंदी सिनेमातली मोठी नटी. शेवंताआत्या म्हणजे हिंगोलीत आमच्या घराच्या पुढच्या खोलीत बसून बायकांचे ब्लाउज शिवणारी माझी आत्या. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातला एक तालुका होता आणि मुंबई फार लांब होती. दोघींची गाठ कधी पडली नाही. तरी रूपलता आपली गिऱ्हाईक आहे, असं आत्या मानत असे. गिऱ्हाइकानं अजून कापड आणून टाकलं नव्हतं, एवढंच.

आत्याला लिहितावाचता येत नव्हतं. त्यामुळे मापाची वही नव्हती. प्रत्येक बाईचा एक दोरा असे आणि त्या दोऱ्याला गाठी. पहिली गाठ छातीची, पुढची कमरेची, मग बाहीची, पाठीची. दोऱ्याच्या टोकाला त्या बाईच्या पहिल्या ब्लाउजची चिंधी बांधलेली. भिंतीवरच्या खिळ्यांना असे शेकड्यानं दोरे लोंबत. तहसीलदारांच्या पत्नी पहिल्यांदा आल्या तेव्हा हा प्रकार बघून दारातच थांबल्या. त्यांना वाटलं, इथं काही मंतरलेलं देतात. आत्या म्हणाली, "या की. बाया टांगलेल्या हाईत, भिऊ नका."

त्या भिंतीवर जरीचे दोरे दहा-अकरा होते, आणि ते सगळे एकाच बाईचे. रूपलताचे. दर वर्षीचा एक.

दसऱ्याच्या सुमारास मैदानावर टुरिंग टॉकीजचा तंबू लागे. आत्या बायकांच्या बाजूला बसे. रूपलता पडद्यावर आली की आत्या एक डोळा मिटायची, हात पुढं लांब करायची, दोरा दोन्ही चिमटींत ताणायची आणि गाठ मारायची. मागून बायका ओरडत, "ओ शेवंताबाई, हात खाली घ्या ना. दिसंना गेलंय."

"थांब जरा. बाई वळून राहिली."

पडद्यावर बाई बारा फुटांची दिसते, तिचं खरं माप कसं काढतेस, असं मी एकदा विचारलं. मी नगरपालिकेच्या वाचनालयात कारकून होतो आणि मला असल्या शंका येत. आत्या म्हणाली, "बांगडी पाह्यची. सव्वादोनच्या बांगडीचा हात हाय तिचा. बाकीचं समदं त्याच्यावरून बराबर निघतंय. तुमच्या पुस्तकात न्हाई का हे?"

आमच्या पुस्तकात ते नव्हतं.

सिनेमाची गोष्ट तिला कधीच सांगता आली नाही. नायकांची नावं तिला ठाऊक नव्हती. सगळ्या नायकांना मिळून ती 'तो माणूस' म्हणायची. तो माणूस मधीमधी येतो आणि ब्लाउजची पाठ झाकतो, हा तिचा त्याच्यावर मुख्य आक्षेप. एका सिनेमात रूपलताची आई मरते. सगळा तंबू रडत होता. रूपलता आईच्या छातीवर कोसळली आणि त्या शांततेत आत्याचा आवाज आला, "काखेत ओढलंय. मला वाटलंच हुतं."

रूपलता फॅशनचा ब्लाउज शिवून द्या म्हणून बायका तिच्याकडे येत. ती देत नसे. तहसीलदारीणबाईंना तिनं तोंडावर सांगितलं, "तिची मान बगळ्याची हाय. तुमची गरीब मान हाय. गरिबाला झाकून ठेवावं." बाई रागावून गेल्या आणि आठ दिवसांनी कापड घेऊन परत आल्या. दुसरीकडे जाणार कुठं? शेवंताआत्याचा शुक्रवार म्हणजे शुक्रवार. शुक्रवारी देते म्हणाली की शुक्रवारी सकाळी ब्लाउज घडी करून, हुक लावून तयार. गावातल्या बाकीच्या शिंप्यांकडे एकेका ब्लाउजासाठी बायकांच्या चार-चार खेपा होत. वेळ चुकवणाऱ्या शिंप्याविषयी आत्या फक्त "असंल बिचारा" म्हणायची. 

वाचनालयात येणारी सिनेमाची मासिकं जुनी झाली की मी घरी आणत असे आणि तिला वाचून दाखवत असे. त्यामुळे रूपलताचं चरित्र आमच्या घरात दोन प्रकारे चाललं होतं. एक मासिकातलं, एक दोऱ्यातलं.

पहिल्या सिनेमाच्या वेळी मासिकानं लिहिलं की ही एक निरागस कळी आहे. आत्या म्हणाली, "लेकरू हाय ते अजून. दुसरीचा ब्लाउज टाचण्या मारून घातलाय तिला." चार वर्षांनी रूपलताला मोठं बक्षीस मिळालं, तिनं समुद्राकाठी बंगला घेतला. आत्यानं जरीच्या दोऱ्याला गाठ मारली आणि म्हणाली, "अंग धरलं पोरीनं. कुणीतरी समोर बसून जेवू घालून राहिलं." मी मासिक पुन्हा चाळलं. मागच्या पानावर, कोपऱ्यात, लहान अक्षरांत होतं: रूपलताची आई गावाकडून तिच्याकडे राहायला आली आहे. मी ते वाचून दाखवलं. आत्यानं नुसती मान हलवली, जणू मी तिला ऊन पडलंय असं सांगितलं होतं.

मग रूपलताची आई वारली. मग तिनं एका निर्मात्याशी लग्न केलं. त्या वर्षीच्या दसऱ्याला आत्या तंबूतून घरी आली ती दोरा मुठीत धरूनच. दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, "सुद्या, तिचं काय लिवलंय बघ बरं."

मी वाचलं, "रूपलता आपल्या संसारात रमली असून अत्यंत सुखी आहे."

"कोण म्हणतं?"

"मासिक म्हणतंय."

"मासिकानं माप घेतलं का? दोन बोटं उतरली बाई. बाही लोंबून राहिली. आतून कापूस भरलाय."

पुढच्या वर्षी आणखी दोन बोटं. आत्यानं मला पत्र लिहायला बसवलं. मी 'सप्रेम नमस्कार' लिहिलं. ती म्हणाली, "ते ऱ्हाऊ दे. लिव्ह, बाई, तुमाला तकलीफ हाय. डाक्टरला दाखवा. आन कुणी तरी आपलं माणूस जवळ ठिवा." मी तसंच लिहिलं आणि टाकलं. वडील हसले. आई म्हणाली, "अक्का, तिच्याकडं दहा डाक्टर असतील." आळीतल्या बाया आठवडाभर विचारत होत्या, मुंबईची बाई दूध प्यायला लागली का.

उत्तर आलं. पाकिटात रूपलताचा फोटो होता आणि त्यावर छापलेली सही. मला केवढा आनंद झाला. आत्यानं फोटो उजेडात धरला आणि परत माझ्या हातात दिला. "जुना हाय. बक्षीस मिळालं त्या सालचा. आताचा काहून न्हाई धाडला?"

त्यानंतर दीड वर्षानं तो मंगळवार आला. पेपरात होतं, रूपलता अल्पशा आजारानं गेली. मी वाचून दाखवलं तेव्हा आत्या सुईत दोरा ओवत होती.

"अल्पसा कसा?" ती म्हणाली. "तीन वर्सं झाली."

त्याच वर्षी दसऱ्याला माझी धाकटी बहीण विमल माहेरी आली. दोन वर्षांपूर्वी तिला डोंगरकड्याला दिली होती. घर बरं होतं, शेती होती. विमल आली ती हसतच आली. सासूबाई अशा आणि दीर असा, असं सगळं सांगत होती. आई खूश होती. वडील कापसाच्या जिनिंगमध्ये हमाली करायचे, ते संध्याकाळी येऊन तिच्या बोलण्याजवळ बसायचे.

लेक माहेरी आली की तिला पातळ घ्यायचं आणि नवा ब्लाउज अंगात घालूनच सासरी पाठवायची, ही आमच्याकडची रीत. धम्म घेतल्यावर आमच्या घरानं पुष्कळ रीती सोडल्या. ही राहिली होती. ब्लाउज अर्थातच आत्या शिवणार. तिनं विमलचा लग्नातला दोरा खिळ्यावरून काढला, तिच्या अंगाला लावला, थोडा वेळ तसाच धरला आणि परत अडकवला.

"झालं?" विमल म्हणाली.

"झालं. शुक्रवारी देते."

शनिवारी जावई न्यायला येणार होते. शुक्रवारी ब्लाउज तयार नव्हता.

आईचा विश्वास बसेना. आत्या म्हणाली, उजवी बाही डावीकडं लागली. शनिवारी जावई आले, चहा प्याले, आणि ब्लाउज नाही म्हटल्यावर बुधवारी येतो म्हणून गेले. बुधवारी आत्याच्या मशीनचा पट्टा तुटला. त्या पट्ट्याचा काप कात्रीनं घेतल्यासारखा सरळ होता. त्याच्या पुढच्या रविवारी गळा मोठा कापला गेला आणि नवं कापड आणावं लागलं. गावात बोलू लागले की शेवंताबाईचा हात गेला. आई म्हणाली, "नटीचं सुतक धरलंय अक्कांनी," आणि मग जरा रागानं, "बाजारातल्या शिंप्याकडं टाकते मी."

"मी जित्ती असताना?" आत्या म्हणाली. आईनं उचललेलं कापड परत ठेवलं. जावयाच्या कपाळावर मात्र आठी आली होती.

असे सोळा दिवस गेले. माहेरी चार दिवसांची पाहुणी असते तेव्हा ती पाहुणीच असते. बोलते, हसते. सोळा दिवसांत हसण्याचा साठा संपतो. विमल जेवायला बसली की भराभर जेवायची, ताटावर वाकून, कुणी उचलून नेईल अशी. भाकरीचा शेवटचा तुकडा हातातच ठेवून उठायची. मागून हाक मारली की दचकायची. मी हे पाहिलं नव्हतं, असं नाही. पण मी वाचत होतो.

पाहिलं ते वडिलांनी. सोळाव्या रात्री जेवताना ते स्वतःचा घास हातात धरून तिच्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "विमल, तिकडं तुला जेवू देत न्हाईत का?"

विमलनं तांब्या उचलला आणि वडिलांच्या पेल्यात पाणी ओतलं. पेला भरला तरी ती ओतत होती.

वडील उठून पुढच्या खोलीत गेले. आत्या मशीनवर रिकामी बसली होती.

"अक्का," ते म्हणाले, "ब्लाउजची घाई न्हाई."

"बरं," आत्या म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ब्लाउज तयार होता. विमलनं घालून पाहिला. तो छातीत आणि दंडात सैल होता. ज्या बाईचं सूतभरही चुकत नसे, तिच्या हातचा ब्लाउज दोन बोटं सैल.

"ऱ्हाऊ दे," आत्या म्हणाली. "भरंल."

जावई आणखी दोनदा आले. माणूस वाईट नव्हता, स्वतःच्या आईपुढं बोलणारा नव्हता. वडिलांनी त्यांना जेवू घातलं आणि एकटंच परत पाठवलं. मग ते आले नाहीत.

पुढं कधीतरी मी आत्याला विचारलं की तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं का नाही.

"सांगून कोण ऐकतं?" ती म्हणाली. "नटीचं सांगितलं तवा तुमी हसले."

मग कापडाला खडूची रेघ मारता मारता तिनं तिची स्वतःची गोष्ट सांगितली. ती मला ठाऊक नव्हती. कनेरगाव नाक्याच्या अलीकडं तिचं सासर होतं, एवढंच मी ऐकलं होतं. तीन वेळा ती वाळून माहेरी आली आणि तीन वेळा नवी चोळी घालून तिला परत पाठवली. तिनं सांगून पाहिलं होतं. आजोबा म्हणत, नांदायला वेळ लागतो. चौथ्या खेपेला चोळी शिवायला टाकली आणि शिंप्याला ताप आला. वीस दिवस तो उठला नाही.

"वीस दिवस रोज डोळ्यापुढं ऱ्हायले मी," आत्या म्हणाली. "मंग बापाला दिसले. रोज दिसल्याबिगर दिसत न्हाई माणूस." तिनं कात्री उचलली. "त्या रूपलताचे कपडे लई येळेवर होत असतील."

तिच्या खोलीत इतकी वर्षं येणाऱ्या बायकांपैकी कुणाला ही गोष्ट ठाऊक होती, मला माहीत नाही. मला वाटतं, कुणालाच नसावी. तिचं माप घेणारं कुणी नव्हतं. तिचे ब्लाउज ती स्वतःच, अंदाजानं शिवायची आणि ते तिला नीट बसत नसत. हे ती गेल्यावर माझ्या लक्षात आलं.

आत्याला जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. आईवडीलही गेले. विमल पुढं शिकली, बालवाडीत लागली, तिथूनच निवृत्त झाली. घरात आता आम्ही दोघं आहोत. दुपारी एक वाजता आम्ही जेवायला बसतो. माझं आधी होतं. ती सावकाश जेवते.